कॉनरीचं परतणं आणि ‘अनधिकृत’ हा शिक्का

ऑक्टोबर १९८३मध्ये ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ अमेरिकेत झळकला तेव्हा शॉन कॉनरीने वयाची ५३ वर्षं पूर्ण केली होती. बॉण्डचा सूट त्याने बारा वर्षांनी पुन्हा चढवला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रॉजर मूरचा बॉण्डपट ‘ऑक्टोपसी’ येऊन गेला होता. त्याचं बरंचसं चित्रीकरण उदयपूरचं, त्यामुळे आपल्याकडे तोच जास्त लक्षात राहिला. कॉनरीच्या वयाची तेव्हा फार चर्चा झाली. मूर त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा आहे, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही.

कॉनरी या भूमिकेला कंटाळलेला होता हे खरंच आहे. १९६७चा चित्रपट करताना जपानमध्ये पत्रकार आणि छायाचित्रकार त्याचा पिच्छा सोडत नव्हते, आणि तेव्हाच त्याने रामराम ठोकला. मधला एक चित्रपट दुसऱ्या नटाने केला. मग १९७१मध्ये साडेबारा लाख डॉलर मानधन घेऊन कॉनरी एकदा परतला. ते पैसे त्याने स्कॉटलंडमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या न्यासाला दिले आणि यापुढे कधीच नाही, असं जाहीर केलं. १९८३च्या चित्रपटाचं नाव त्याच ‘कधीच नाही’वर बेतलेलं आहे. ते सुचवलं त्याच्या पत्नीने.

हा बॉण्डपट ‘अनधिकृत’ ठरला, तो का, हे समजायला १९५९पर्यंत मागे जावं लागतं. बॉण्डच्या मूळ लेखकाने तेव्हा एका आयरिश निर्मात्याबरोबर आणि एका पटकथाकाराबरोबर बसून थेट पडद्यासाठी एक कथा रचली होती. चोरलेले अणुबॉम्ब, बहामाचं पाणी, खंडणी मागणारी गुन्हेगारी संघटना, हे सगळं त्या बैठकांमधलं. चित्रपट काही उभा राहिला नाही. लेखकाने त्याच कथेवर १९६१मध्ये ‘थंडरबॉल’ ही कादंबरी छापली, आणि तीत सहकाऱ्यांचा साधा उल्लेखही नव्हता. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. १९६३च्या अखेरीस सुनावणी चालू असतानाच तडजोड झाली. कादंबरीच्या पुढच्या प्रतींवर तिघांच्या मूळ पटकथेचा उल्लेख करायचा आणि त्या कथेचे चित्रपटहक्क आयरिश निर्मात्याकडे जायचे, असं ठरलं. लेखक आधीच हृदयविकाराने खचलेला होता. ऑगस्ट १९६४मध्ये तो गेला.

म्हणजे एका कादंबरीपुरता बॉण्ड त्या मालिकेच्या मुख्य निर्मात्यांच्या हाताबाहेर गेला होता, आणि तोही कायद्याने. त्यांनी मग शहाणपणाने या आयरिश निर्मात्यालाच सोबत घेतलं. १९६५चा ‘थंडरबॉल’ कॉनरीला घेऊन एकत्र काढला आणि पुढची दहा वर्षं त्याने त्या कथेवर दुसरा चित्रपट काढायचा नाही, अशी अट घातली. दहा वर्षं सरताच तो पुन्हा कामाला लागला. सत्तरच्या दशकात त्याने नवी पटकथा लिहायला घेतली, आणि त्या लेखनात खुद्द कॉनरी सहभागी होता. त्याचं परतणं तिथून सुरू झालं. १९८३मध्ये कुणीतरी मोठा आकडा दाखवला आणि हा आला, इतकं ते सरळ नव्हतं.

मुख्य निर्मात्यांच्या बाजूने खटले लढले गेले आणि पहिला प्रयत्न त्यातच बारगळला. या भांडणाची खूण त्यांच्या स्वतःच्या चित्रपटातही सापडते. १९८१च्या मूरपटाच्या सुरुवातीला चाकाच्या खुर्चीत बसलेला एक टकलू खलनायक आहे, मांडीवर पांढरी मांजर. बॉण्ड त्याला हेलिकॉप्टरच्या पायावर अडकवून उचलतो आणि कारखान्याच्या धुराड्यात सोडून देतो. हा त्या गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या ब्लोफेल्ड, ते प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला कळतं. पण संपूर्ण चित्रपटात त्याचं नाव कुणी घेत नाही. कारण त्या नावावरच वाद चालू होता.

शेवटी एका तिसऱ्याच निर्मात्याने हक्क घेतले, आणि चित्रपट थांबवण्याची मागणी लंडनच्या न्यायालयाने फेटाळली. हा चित्रपट कायदेशीर होता, पूर्णपणे. त्याच्याकडे नव्हतं ते ओळखीचं संगीत आणि बंदुकीच्या नळीतून दिसणारी सुरुवात. प्रेक्षकाला त्याने चुकल्यासारखं वाटतं हे मान्य. पण ‘अनधिकृत’ म्हटलं की चोरीचा माल वाटतो, आणि ते अन्यायाचं आहे. ‘दुसऱ्या घरचा’ म्हणावं.

चित्रपट सगळा चांगला नाही. उत्तरार्ध रेंगाळतो. पण वय लपवण्याऐवजी त्याने ते कथेत आणलं, हे मला आजही मोलाचं वाटतं. सुरुवातीलाच बॉण्ड एका सरावात चुकतो. ज्या ओलीस बाईला सोडवायला गेला तीच त्याला सुरा मारते. नवा साहेब त्याला शरीरशुद्धीसाठी आरोग्यधामात पाठवतो: मैद्याचा पाव बंद, मांस बंद, मार्टिनी बंद. तिथे दारावरचा माणूस त्याची जुनी बेंटली बघून म्हणतो, असल्या गाड्या आता बनत नाहीत. आणि बॉण्ड सांगतो की ती अजून चांगली धडधाकट आहे. कॉनरी हे अगदी सहज म्हणतो, चेहऱ्यावर काहीही न आणता. मूरच्या त्या काळातल्या चित्रपटांत वयाचा असा उल्लेख आला असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. तो १९८५पर्यंत, सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत, जणू काही बदललंच नाही असा उड्या मारत राहिला.

गल्ल्यावर ‘ऑक्टोपसी’ पुढे राहिला, पण फार नाही. आयरिश निर्मात्याने नव्वदच्या दशकात आणखी एक प्रयत्न केला. २००१मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने फार उशीर केला म्हणून त्याचा दावा फेटाळला. २००६मध्ये तो वारला. त्याच्या वारसांकडचे हक्क २०१३मध्ये मुख्य निर्मात्यांनी विकत घेतले, आणि दोनच वर्षांनी ती संघटना आणि तो मांजरवाला खलनायक आपापल्या नावांनी पडद्यावर परतले. १९८३च्या चित्रपटाचे हक्क तर १९९७पासूनच बॉण्डमालिकेच्या स्टुडिओकडे आहेत. तरी २०२१चा बॉण्डपट ‘पंचविसावा’ म्हणून जाहीर झाला, आणि त्या पंचविसांत कॉनरीचे सहाच धरलेले आहेत.