कंपायलर क्रॅश: रिपोर्ट कधी टाकायचा, सोबत काय जोडायचं

नांदेड-लातूरच्या कॉलेजांत कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) कोसळला की मुलं आपलाच कोड चुकला असं धरून गप्प बसतात. जीसीसी या सी आणि सी प्लस प्लसच्या कंपायलरचा नियम नेमका उलटा आहे. इनपुट कसंही असो, कंपायलरनं एरर दाखवून थांबायचं; तो स्वतःच कोसळला तर दोष त्याचा. ‘इंटर्नल कंपायलर एरर’ ही ओळ दिसली, की कंपायलर बनवणाऱ्यांना रिपोर्ट पाठवायचा विचार जरूर करा.

पात्रतेची खरी अट एकच: तीच फाईल, तीच कमांड दिल्यावर पुन्हा तोच क्रॅश यायला हवा. कधी येतो, कधी येत नाही असं असेल तर आधी मशीनवर संशय घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. तापलेला लॅपटॉप किंवा खराब रॅमही असले क्रॅश घडवते. आउटपुटमध्ये ‘किल्ड’ दिसलं तर बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते आणि लिनक्सनंच कंपायलर बंद केलेला असतो. ‘मेक’नं प्रोजेक्ट बांधत असाल तर त्याला ‘-जे८’ (एकाच वेळी आठ कामं) ऐवजी ‘-जे१’ (एका वेळी एकच) देऊन पाहा.

मग कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर, म्हणजे ब्राउझरमध्येच, तोच कोड ताज्या आवृत्तीवर चालवा. तिथे क्रॅश नसेल तर बहुधा दुरुस्ती झालेली आहे. असेल, तर एररमधलं फंक्शनचं नाव जुन्या रिपोर्टांत शोधा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते प्रीप्रोसेस केलेल्या, म्हणजे सगळी हेडर्स आत उतरवलेल्या फाईलपाशी. नुसती सोर्स फाईल पुरत नाही, कारण तुमच्या हेडर फाईली डेव्हलपरकडे नसतात. जीसीसीच्या कमांडमध्ये ‘-सेव्ह-टेम्प्स’ हा पर्याय द्या. सी असेल तर ‘.आय’, सी प्लस प्लस असेल तर ‘.आयआय’ फाईल मिळते. क्लँग हा दुसरा कंपायलर क्रॅश झाल्यावर तशी फाईल आणि चालवायची स्क्रिप्ट स्वतःच टेम्प फोल्डरमध्ये ठेवतो. सोबत ‘-व्ही’ पर्यायाचं आउटपुट, पूर्ण कमांड आणि पूर्ण एरर, सगळं टेक्स्टमध्ये, स्क्रीनशॉट नको. फाईल हजारो ओळींची असेल तर सी-रिड्यूस हे टूल ती आपोआप छाटतं. कंपनीचा कोड असेल तर आधी परवानगी घ्या, कारण प्रीप्रोसेस केलेल्या फाईलीत सगळी हेडर्स उघडी होतात.

जीसीसीचे रिपोर्ट त्यांच्या बगझिलावर (बग नोंदवायच्या साइटवर) जातात, क्लँगचे डिसेंबर २०२१ पासून गिटहबवर. उबंटूसोबत आलेला जीसीसी असेल तर आधी उबंटूकडे नोंदवा. फी कुठेच नाही. चुकीच्या कोडवर आलेला क्रॅशही स्वीकारतात. बगझिलात त्यासाठी वेगळा कीवर्ड आहे.