कृष्णविवर सगळंच गिळत नाही

परवा राजवाड्याजवळ पोहे-जिलेबी खाताना काकांनी पुन्हा सुनावलं, "अरे, ब्लॅक होल म्हणजे मोरीचं भोक. जवळ गेलं ते आत!" पाकात बोट बुडवून बशीत गोल फिरत आत जाणारी रेघही काढली.

रेघ चूक नाही, अर्धी आहे. आकाशगंगांच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरांभोवती वायूची तबकडी अशीच फिरते. पण ती इतकी तापते की तिचा प्रकाश आणि चुंबकीय बळं बराच वायू बाहेर भिरकावतात. (आणि उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं, तरी पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरेल. गारठेल, एवढंच.)

वायू असा बाहेर फेकला जातो, हे कळलं क्ष-किरणांवरून. जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण शोषतं, सुमारे 7 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे. पीडीएस 456 या क्वेसारमध्ये (म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झगमगणाऱ्या आकाशगंगेच्या केंद्रात) शोषणाची हीच खूण 9 च्या आसपास सरकलेली सापडते. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा लागतो ना, तसंच. हिशेब मांडला की वायूचा वेग प्रकाशाच्या साधारण पाव पट निघतो, तोही आपल्या दिशेने!

हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून दुर्बिणी उपग्रहांवर. 2023 मध्ये सुटलेल्या जपानच्या 'क्रिझम'ने त्या एका रुंद खुणेचे पाच वेगळे वेग उलगडले. म्हणजे बाहेर सुटणारा हा वायूचा वारा सलग नाही, गोळ्यागोळ्यांनी सुटतो. काकांच्या बशीत बाहेर जाणारे ठिपके मीच काढले.