मामांची जुनी मार्टिनी रायफल आणि तीन भोकांचा चकवा

पहिल्या तीन गोळ्या लागल्या आणि मामा खुर्चीतनं उठलेच. पन्नास मीटरवरचा पुठ्ठा जवळ आणून बघितला तर तिन्ही भोकं एक रुपयाच्या नाण्याखाली झाकून जात होती. "बघ, झालं काम, हीच गोळी मानवली हिला," म्हणाले आणि काडतुसांचा बॉक्स बंद करायला लागले. मी म्हटलं मामा थांबा की जरा, अजून सात मारूया. सात मारल्या आणि नाण्याची वाटी झाली, सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर ४१ मिलिमीटर.

रायफल आजोबांची, लायसनवर आता मामांच्या नावाने. बीएसए कंपनीची पॉइंट टू टू (म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) मार्टिनी, एकेक काडतूस घालून मारायची, नेमबाजीसाठीच बनवलेली. बोअर युद्धानंतर (१८९९ ते १९०२) इंग्लंडमध्ये गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब निघाले, त्या लाटेतनं आलेली ही जात. खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा खाली जातो, ही रचना ब्रिटिश लष्कराने १८७१ साली मोठ्या मार्टिनी-हेन्री रायफलमध्ये घेतली होती, तीच लहान करून इथे बसवलीय. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे बंदुकीच्या गप्पा इथे घरोघरी निघतात, पण जुनी रायफल कोणती गोळी मागते हे शोधायचं कसं यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या तीन भोकांचं. रायफल तीच, गोळी तीच, नेमही तेवढाच स्थिर असला तरी गोळ्या एका केंद्राभोवती विखुरतातच, आणि जितक्या जास्त माराल तितकी लांब भरकटलेली एखादी सापडायची शक्यता वाढते. गणिताने बघितलं तर दहा गोळ्यांचा घेर, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर, सरासरीने तीन गोळ्यांच्या घेराच्या साधारण दीडपट येतो, रायफल बिघडलेली नसताना सुद्धा. म्हणजे तीन गोळ्यांचे २४ मिलिमीटर आणि दहा गोळ्यांचे ३८ मिलिमीटर ही एकच गोष्ट असू शकते. लोक तीन मारून एक बॉक्स चांगला ठरवतात, दुसऱ्याच्या तीन मारून तो वाईट ठरवतात, आणि खरं तर दोन्ही सारखेच असतात. माझ्या मते या छंदात सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथेच वाया जातो. दहा मारा, थांबा, परत दहा, परत दहा, आणि मधे दुसरं काहीही बदलू नका.

आता एकाच बॉक्समधल्या गोळ्या वरखाली का लागतात ते बघू. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं, गोळी ४० ग्रेनची म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम, आणि साध्या टार्गेटच्या काडतुसात ती सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघते. पन्नास मीटरला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचते, तरी तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला १२ सेंटिमीटर खाली ओढतं. आता एक गोळी दुसरीपेक्षा १० मीटर प्रतिसेकंद हळू निघाली तर ती ७-८ मिलिमीटर जास्त खाली लागते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात ब्राँझ मिळवलं तो हाच, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, आणि काडतूसही हेच. त्या वर्तुळात गोळीमागून गोळी घालायची म्हणजे प्रत्येक काडतुसात दारू सारखी, प्रायमरचा म्हणजे फटका बसला की दारू पेटवणारा मसाला सारखा, गोळीची पकड सारखी, सगळं सारखंच लागतं.

वेगाचं आणखी एक आहे. जास्त वेगाची काडतुसं ३८० मीटरपर्यंत जातात म्हणजे आवाजाच्या पुढे, आणि हवेने वेग कमी झाला की तीच गोळी आवाजाचा वेग उलटा ओलांडून खाली येते, त्या टप्प्यात हवेचा दाब तिच्या अंगावर विचित्र बदलतो आणि ती थोडी डगमगते. टार्गेटची काडतुसं मुद्दाम त्याच्या खाली ठेवलेली असतात. आवाजाचा वेगही कायम एकच नसतो बरं का, बेळगावच्या थंडीतल्या सकाळी १४ डिग्रीला तो सुमारे ३४० आणि एप्रिलच्या दुपारी ३६ डिग्रीला सुमारे ३५३ मीटर.

मग नळी. आमचा उद्यमबागेत लेथचा व्यवसाय, त्यामुळे हा भाग मला जवळचा. गोळीला फिरवून सरळ ठेवणाऱ्या आतल्या चऱ्या म्हणजे फार मोठ्या पिचचे आटेच, पॉइंट टू टूला १६ इंचात एक फेरा. हा आकडा असाच नाही आला. जॉर्ज ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७९ साली सोपं सूत्र दिलं, गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. व्यास ०.२२४ आणि लांबी ०.४७ घालून बघा, उत्तर बरोबर १६ च्या आसपास येतं. आणि त्या पिचने ३२५ मीटरला गोळी सेकंदाला ८०० फेरे घेते, मिनिटाला ४८ हजार! आमचं एकही मशीन त्याच्या जवळपास जात नाही. गोळी लांब केली की पिच आखूड लागतं, म्हणून जुन्या रायफलला उगीच लांब वजनदार गोळी देऊन चालत नाही, ती आडवी होऊन पुठ्ठ्यावर भोकाऐवजी चीर पाडते.

आमच्या मार्टिनीची नळी मोजायची होती. रायफल घरीच ठेवली, रिकामी आहे हे दोघांनी दोनदा बघितलं, आतनं हलकं तेल लावलं आणि मऊ शिशाचा एक तुकडा पितळी सळीने मागच्या बाजूने हळूहळू ढकलत नेला. हाताला सगळं कळतं. सुरुवातीला घट्ट, मधे एकसारखा सरकत होता, आणि तोंडाच्या शेवटच्या दोन इंचांत एकदम सैल पडला, लोण्यातनं सुरी गेल्यासारखा. दुसरा तुकडा मग फक्त तोंडाकडून थोडा आत घातला आणि परत काढला. दोन्ही डबीत घालून वर्कशॉपला नेले. शिशावर चऱ्यांचा उलटा ठसा उठलेला असतो, चऱ्यांची संख्या सम होती हे नशीब, नाहीतर मायक्रोमीटरचे दोन जबडे समोरासमोरच्या उंचवट्यांवर बसत नाहीत. पहिला ५.६६ मिलिमीटर, तोंडाकडचा ५.७१. पाच शतांश मिलिमीटर! आमच्याकडे हायड्रॉलिकच्या जॉबमध्ये एवढा फरक आला तर पार्टी माल परत पाठवते. तोंडाकडून सळी घालून वर्षानुवर्षं साफ केल्याची ती झीज होती.

मागच्या बाजूला दाब जास्त असतो, तिथे मऊ शिसं फुगून चऱ्या भरून काढतं, पण तोंडाशी पोचेपर्यंत दाब बराच उतरलेला असतो, गोळी सैल असली की गॅस एका बाजूने आधी निसटतो आणि जाता जाता तिला धक्का देतो. म्हणून मग काडतुसंच मोजली. या काडतुसात गोळी केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बाहेर केसएवढ्याच जाडीची असते, फक्त तिची बारीक टाच आत बसलेली असते, त्यामुळे काही न उघडता बाहेरनंच व्यास मिळतो. रुपयाच्या नाण्यावाल्या बॉक्समधल्या गोळ्या ५.६८ भरल्या. दुसऱ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यात वेगळ्या खेपेला बनलेल्या, ५.७१.

इथे कुणी म्हणेल, मग स्वतःच जाड गोळी ओतून काडतूस भरा की. पॉइंट टू टूचा प्रायमरचा मसाला केसच्या काठात आतनं पसरलेला असतो आणि घोड्याचा फटका बसून तो काठच चेमटतो, त्यामुळे ते परत भरायची सोयच नाही. त्याच काळातल्या, काडतुसाच्या बुडाला मधे प्रायमर असलेल्या छोट्या टार्गेट रायफली परदेशात लोक हाताने भरून चालवतात, तिथे दारूचं माप, गोळीची जाडी, ती किती आत बसवायची हे एकेक बदलून बघतात. आपल्याकडे लायसनशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो नियम मला पटतो, कारण त्यामागचं विज्ञान फार निर्दयी आहे. बिनधुराची दारू, जी पॉल व्हिएय याने १८८४ साली फ्रान्समध्ये केली, ती दाब वाढला की अजून वेगाने जळते, वेगाने जळली की दाब अजून वाढतो. छोट्या केसमध्ये गोळी जराशी जास्त आत ढकलली तरी आतली जागा कमी होऊन दाब उसळतो. काळ्या दारूसाठी केलेल्या जुन्या पोलादात तेवढ्याच मापाची बिनधुराची दारू भरली तर नळी फुटू शकते, आणि ती गालाला लावलेली असते हे विसरू नका.

एक गोष्ट मात्र बेळगाव-खानापूरकडच्या लोकांनी खास लक्षात ठेवायची. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराईड राहतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. हवेतली आर्द्रता ८४-८५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं आणि पोलाद खायला लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक त्याच्या वरच असते, जांबोटीकडे तर कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेल लावून हे मीठ जात नाही कारण ते तेलात विरघळत नाही, आधी गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. आजच्या काडतुसांत हा प्रश्न नाही, पण आजोबांच्या वेळची जुनी गंजाची खळगी आमच्या नळीत आजही मागच्या बाजूला बॅटरीच्या उजेडात दिसते.

मग पुढच्या रविवारी परत रेंजवर गेलो, तीच वेळ, तीच वाळूची पिशवी. ५.७१ वाल्या लॉटच्या दहा गोळ्या २७ मिलिमीटरमध्ये आल्या. नळी थंड होऊ दिली. दुसऱ्या दहा २९, तिसऱ्या दहा २६. ५.६८ वाल्या परत मारल्या तर ३९ आणि ४३. जाडीमुळेच हे झालं की त्या लॉटची दारूही जास्त एकसारखी होती हे एवढ्यावरनं वेगळं काढता येत नाही, त्यासाठी वेग मोजायचं यंत्र लागेल. मामांनी पेन मागितलं, बॉक्सवरचा लॉट नंबर वहीत उतरवून घेतला आणि दुकानदाराला फोन लावला, त्याच नंबरचे अजून किती शिल्लक आहेत विचारायला.