केन ग्रिफी ज्युनियरचे रुकी कार्ड: विपुल छपाई आणि दुर्मीळ दर्जा

अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंची छायाचित्रे असलेल्या संग्राह्य कार्डांच्या, बाजारावर 1980 पर्यंत टॉप्स या कंपनीची जवळपास मक्तेदारी होती. या मक्तेदारीविरुद्ध फ्लीअर या कंपनीने लढवलेल्या खटल्याचा निकाल त्या वर्षी लागला आणि 1981 मध्ये फ्लीअर व डॉनरस यांचेही संच बाजारात आले. नामांकित खेळाडू मिकी मँटलच्या 1952 च्या कार्डासारख्या जुन्या कार्डांच्या चढत्या किमती पाहून लोक नवी कार्डे खोक्यांनी घेऊन साठवू लागले. जुन्या कार्डांचे मोल कशामुळे वाढले, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. टॉप्सचे साय बर्गर यांनी सांगितल्याप्रमाणे 1952 ची न खपलेली खोकी 1960 मध्ये अटलांटिक महासागरात बुडवण्यात आली होती, आणि विकली गेलेली बरीच कार्डे मुलांच्या हातीच झिजली. नवी कार्डे कोणी टाकत नव्हते आणि छापखानेही थांबत नव्हते.

या भरात 1989 मध्ये अपर डेक ही नवी कंपनी आली. जाड कागद, बनावट रोखणारा होलोग्राम आणि सीलबंद पाकीट यांमुळे तिचा माल महाग असूनही उठून दिसला. संचातील पहिला क्रमांक तिने सिअ‍ॅटल मरिनर्स संघाच्या केन ग्रिफी ज्युनियर या नवोदित खेळाडूला दिला, जो संच तयार होत असताना मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. छायाचित्रातील त्याची टोपीदेखील सॅन बर्नार्डिनोच्या दुय्यम संघाची होती आणि ती रंगवून मरिनर्सची करण्यात आली. या रुकी कार्डावर, म्हणजे नवोदित खेळाडूच्या पहिल्या कार्डावर, लावलेली पैज जिंकली गेली: ग्रिफीने 630 होमरन केले आणि 2016 मध्ये 99.3 टक्के मतांनी तो बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला.

तरीही या कार्डाच्या दहा लाखांहून अधिक प्रती असाव्यात असा अंदाज आहे. 1994 च्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सिरीज ही हंगामाची अंतिम मालिका रद्द झाली आणि आधीच ओसरू लागलेल्या बाजाराला आणखी फटका बसला, तेव्हा त्या काळातील बहुतेक कार्डे रद्दीच्या भावाला आली. ग्रिफी वाचला याचे श्रेय त्याच्या लौकिकाला आहेच, पण माझ्या मते दर्जा ठरवणाऱ्या पद्धतीलाही ते तितकेच द्यावे लागेल. 1991 मध्ये सुरू झालेली पीएसए ही कार्डे तपासणारी संस्था प्रतिमा कार्डाच्या मध्यभागी आहे का हे, तसेच कोपरे, कडा आणि पृष्ठभाग पाहून 1 ते 10 असा दर्जा देते आणि कार्ड प्लास्टिकच्या आवरणात बंद करते. हे कार्ड छपाईच्या तावाच्या कोपऱ्यात येत असल्याने त्याला इजा सहज होई. पीएसएने तपासलेल्या 80,000 हून अधिक प्रतींपैकी 10 हा दर्जा सुमारे 4,000 प्रतींनाच मिळाला. त्यामुळे 10 आणि 9 या दर्जांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर पडते, आणि 8 किंवा त्याखालील प्रतीचा भाव त्याहूनही कमी असतो.

या आकड्यांनाही दोन मर्यादा आहेत. अधिक दर्जाच्या आशेने पीएसएचे आवरण फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवले, तर ते दोनदा मोजले जाऊ शकते. आणि न उघडलेली पाकिटे आजही विक्रीला येत असल्याने 10 दर्जाच्या प्रतींत भर पडतच राहते.