कृत्रिम खांदा ढिला का पडतो?

१८९३ साली पॅरिसमध्ये ज्यूल-एमील पेआन या सर्जनने क्षयाने पोखरलेला खांदा उघडून त्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. रुग्णाचा हात वाचला, पण सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढावा लागला, कारण आतला जंतुसंसर्ग हटत नव्हता. तेव्हापासून धातू बदलले, प्लास्टिक आलं, सीटी स्कॅन आला. जंतू मात्र आजही तिथेच आहेत.

कृत्रिम सांधा म्हणजे गाडीचा सुटा भाग, झिजला की बदलला, असा आपला समज असतो. धातू मोडल्याच्या घटना घडतात, पण कमी. बिघडतं ते बहुतेक वेळा सांध्याच्या भोवतालचं.

खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्यात तसं नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा फऱ्यावरच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावरच्या, लहानशा उथळ खोबणीला नुसता टेकलेला असतो आणि त्याला मध्यावर धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार स्नायू. म्हणूनच हात इतक्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच हा सांधा बसवणं अवघड. नेहमीच्या शस्त्रक्रियेत गोळा धातूचा बसवतात आणि खोबणीवर पॉलिथिलीन या प्लास्टिकची बशी सिमेंटने चिकटवतात. वर्षं उलटली की तक्रार बहुधा या बशीची येते.

रोटेटर कफ फाटला किंवा कमजोर झाला की गोळा वर सरकतो आणि बशीच्या मधोमध न दाबता वरच्या कडेवर दाबतो. एक कड दबते, समोरची उचलते. हात खाली येतो, पुन्हा तेच. जमिनीत ठोकलेली मेख उपटायची तर आपण ती ओढत नाही, आलटून पालटून हलवतो. बशीला हाडात धरून ठेवणाऱ्या खुंट्यांचं तसंच होतं. त्यातच प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, शरीरातल्या पेशी ते गिळायला धावतात आणि त्या धुमश्चक्रीत आजूबाजूचं हाड विरघळू लागतं.

यातलं बरंच काही ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. जुन्या संधिवातात पुष्कळदा खोबणीची मागची बाजू झिजते आणि खोबण मागे कलते. फ्रान्समधल्या ल्योंचे सर्जन जिल वाल्श यांनी या झिजेची जी वर्गवारी केली, ती आज जगभर वापरतात. साध्या एक्स-रेवर हा कल फसवा दिसतो. त्यामुळे आधी सीटी काढून संगणकावर त्रिमितीय आखणी करणं, किती हाड घासायचं आणि कुठे हाडाचा तुकडा भरायचा हे आधीच ठरवणं, याला पर्याय नाही असं माझं मत आहे. खोबणीत हाड मुळातच थोडं असतं. कल सुधारण्याच्या नादात ते जास्त घासलं, तर बशीला धरायला काही उरतच नाही.

कफ आधीच गेला असेल तर? फ्रान्समध्येच, दिजोंच्या पॉल ग्रामों यांनी १९८०च्या दशकात सांधाच उलटा केला: गोळा फऱ्यावर, वाटी दंडावर. हात उचलण्याचं काम खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूकडे गेलं. अमेरिकेत याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. या उलट्या सांध्याची दुखणी वेगळी आहेत. गोळा वर बसवला तर हात खाली आणताना वाटीची कड फऱ्यावर आपटून हाडाला खाच पाडते, म्हणून तो खोबणीच्या खालच्या कडेला धरून बसवतात. ठिसूळ हाडांच्या रुग्णात डेल्टॉइडच्या वाढलेल्या ताणाने खांद्याच्या टोकाचं हाड तडकू शकतं. आणि सांधा निखळतोही. हात मागे नेऊन शर्ट पँटमध्ये खोचणं किंवा परकराची नाडी सारखी करणं, या हालचाली सुरुवातीला टाळायला सांगतात त्या यासाठीच.

आता जंतू. खांद्यातला खरा चोर म्हणजे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, तोच मुरमांशी नाव जोडलेला. तो कातडीवर कमी आणि तैलग्रंथींत खोल जास्त असतो, त्यामुळे वरून कितीही जंतुनाशक लावलं तरी सुरी आत गेली की तो सापडतोच. ताप नाही, पू नाही, रक्ताच्या तपासण्याही अनेकदा नॉर्मल. फक्त खांदा दुखत राहतो, आखडतो. धातूवर हे जंतू चिकट पापुद्रा धरतात, त्यात अँटिबायोटिक नीट शिरत नाही. तो वाढतोही सावकाश. त्यामुळे फेरशस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांचे अनेक नमुने घेऊन कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, साधारण चौदा दिवस ठेवायला लॅबला बजावून सांगावं लागतं. नाहीतर पाचव्या दिवशी ‘जंतू नाहीत’ असा रिपोर्ट हातात पडतो. प्रतिबंधासाठी बरेच सर्जन आधीचे काही दिवस खांद्याला बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला देतात, म्हणजे मुरमांचंच मलम! त्याने कातडीवरचे जंतू कमी होतात हे दिसलंय. संसर्ग किती टळतो, हे अजून पक्कं व्हायचंय.

कधी दोष सर्जनच्या नजरेला दिसतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एक्झॅक्टेक कंपनीच्या काही खांद्यांबद्दल इशारा दिला. वेष्टनाच्या पिशवीत ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता, आणि ऑक्सिजन लागला की प्लास्टिक लवकर झिजतं. इम्प्लांटच्या डब्यावरचं लॉट नंबरचं स्टिकर फाइलमध्ये असतं. त्याचा फोटो काढून ठेवा.

शेवटचा धागा सर्जनच्या हातातला आणि रुग्णाच्याही. सांध्यापर्यंत पोचण्यासाठी कफमधलाच पुढचा स्नायू, सबस्कॅप्युलरिस, सहसा सोडवावा लागतो आणि नंतर घट्ट शिवावा लागतो. ही शिवण सुटली तर गोळा पुढे सरकतो. म्हणून साधारण सहा आठवडे झोळी, हात बाहेरच्या बाजूला फिरवणं बंद, आणि खुर्चीतून उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही. संडासात भारतीय बैठक असेल, तर उठताना आधाराला दुसऱ्या हाताच्या बाजूला दांडा ऑपरेशनच्या आधीच बसवून घ्यावा.