लिफ्टचे ६० दिवस लॅगमध्ये घालू नका

पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाल्याशिवाय माल येत नाही आणि माल आल्याशिवाय फिटिंग होत नाही, एवढं फिनिश टू स्टार्ट, म्हणजे आधीचं संपलं की पुढचं सुरू, साइटवरच्या सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो लिफ्टची ऑर्डर आणि फिटिंग यांच्या मधल्या ६० दिवसांचा. 'पीओ दिला' आणि 'लिफ्ट बसवणे' यांना लिंक करायचं, त्यावर प्लस ६० दिवस लॅग (दोन कामांमधली थांबण्याची मुदत) टाकायचा आणि लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा वेळ, धरला म्हणायचं, हे प्रत्येक शेड्यूलमध्ये दिसतं आणि खरंच जीव जातो.

लॅग म्हणजे नुसतं थांबणं, कोणी काही करायचं नसतं. प्लास्टर सुकायचंय, मग पुट्टी, तिथे लॅग बरोबर. पण लिफ्टच्या ६० दिवसांत ड्रॉइंग येतं, त्यावर सही लागते, फॅक्टरीत माल बनतो, मग ट्रक घाट उतरून येतो. लॅगला ना नाव ना बार, किती टक्के झालं ते भरायचीही सोय नाही. गोव्यात पर्वरीच्या एका बिल्डिंगला आमचं ड्रॉइंग सहीसाठी तीन आठवडे टेबलावर पडून होतं आणि शेड्यूल तीच जुनी तारीख दाखवत होतं, कारण लॅगचे दिवस आपोआप सरतात, उशीर नोंदवणार कुठे? लिफ्ट आली ती चतुर्थीच्या तोंडावर, फिटर सगळे गावी.

तेव्हापासून मी ड्रॉइंग अप्रूव्हल, फॅक्टरीतलं काम, वाहतूक असे वेगळे टास्क करतो आणि शेवटी शून्य दिवसांचा माइलस्टोन, म्हणजे टप्पा गाठल्याची नुसती खूण, 'माल साइटवर'. फिटिंगची लिंक त्या माइलस्टोनला.

आणि सप्लायरचे दिवस रविवार धरून असतात. एमएस प्रोजेक्ट या शेड्यूलच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं '६० डी' टाकलं तर पाच दिवसांच्या आठवड्याने त्याचे ८४ होतात, तिथे 'ईडी' लिहायचं, म्हणजे इलॅप्स्ड, सुट्ट्या धरून सलग दिवस.

चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) ऑर्डरचंही बघा, पावसाआधी आणून टाकायचे असतील तर ती तारीख डेडलाइनच्या रकान्यात घाला. स्टार्टच्या कॉलममध्ये टाइप केलीत की सॉफ्टवेअर न विचारता 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' (या तारखेआधी सुरू नाही) अशी अट लावतं, मग पीओ पंधरा दिवस आधी निघाला तरी चिरे त्याच तारखेला अडकून बसतात.