चित्रपटातील न्यायालय आणि भारतातील प्रत्यक्ष न्यायालय

भारतीय चित्रपट, नाटके आणि दूरचित्रवाणी मालिकांत दिसणारा खटला आणि देशातील न्यायालयांत चालणारे कामकाज यांतील तफावत, हा या नोंदीचा विषय. तफावत फक्त सजावटीची असती, तर मनोरंजनाची गरज म्हणून सोडून देता आली असती. पण कोर्टाची पायरी चढण्याआधी माणसाने कोर्ट पाहिलेले असते ते पडद्यावर, आणि साक्षीला जाताना, तक्रार द्यावी की नाही हे ठरवताना त्याच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असते.

काही फरक वरवरचे आहेत. पडद्यावरचा साक्षीदार लाल कापडात गुंडाळलेल्या गीतेवर हात ठेवतो. शपथ अधिनियम, १९६९ मध्ये अशा कोणत्याही ग्रंथाची तरतूद नाही; साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा देवाचे नाव न घेता सत्यकथनाची प्रतिज्ञा करतो. बारा वर्षांखालील मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरे बोलले पाहिजे एवढे उमगत असेल, तर त्याची साक्ष शपथेविना घेता येते. न्यायाधीशाच्या हातातला हातोडा अमेरिकेतला. भारतात तो वापरत नाहीत, इंग्लंडमधल्या न्यायालयांतही नाही. फाशी सुनावल्यावर पेनाचे निब मोडावे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. उलट सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, ही खरी महत्त्वाची गोष्ट पडद्यावर क्वचितच कळते.

ज्यूरीबद्दलचा, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाबद्दलचा गोंधळ त्याहून जुना आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या खुनाच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि तिथे झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायम केली. या प्रकरणावर पुन्हा पुन्हा कथा रचल्या गेल्या, त्यामुळे ज्यूरीचे चित्र टिकून राहिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आज तिची आठवण देणारी एकच सोय शिल्लक आहे: पारशी विवाहविषयक न्यायालयांत न्यायाधीशांसोबत बसणारे प्रतिनिधी.

खरी दिशाभूल होते ती आरोपीच्या बाबतीत. चित्रपटात सरकारी वकील आरोपीला पिंजऱ्यात उभे करून प्रश्नांनी भंडावून सोडतो आणि शेवटी त्याच्या तोंडून कबुली काढतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर त्यातून पुढे आलेल्या बाबींवर आरोपीला प्रश्न विचारतात ते न्यायाधीश, आणि तेही शपथेवर नाही. 'मला माहीत नाही' किंवा 'हे खोटे आहे' असे म्हणून त्याला गप्प राहता येते. स्वतःची साक्ष द्यायची इच्छा त्याने लेखी कळवली, तरच त्याची उलटतपासणी होऊ शकते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही पुराव्यात वाचला जात नाही. ही संरक्षणे शतकानुशतकांच्या अनुभवातून आलेली आहेत, आणि पडद्यावर ती नेमकी नायकाच्या वाटेतला अडथळा म्हणून रंगवली जातात.

दार ढकलून ऐनवेळी आत येणारा साक्षीदारही असाच. दोषारोपपत्रासोबत साक्षीदारांची यादी आणि त्यांच्या जबाबांच्या प्रती आरोपीला आधीच मिळालेल्या असतात. यादीबाहेरच्या माणसाला बोलावता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतले जाते आणि तिला उलटतपासणीची संधी मिळते. फिर्यादीचा खासगी वकील खटला गाजवताना दिसतो. सत्र न्यायालयात खटला चालवतात सरकारी वकील, खासगी वकिलाने त्यांना साहाय्य करायचे असते.

उलटतपासणीकडे थोडे जवळून पाहायला हवे, कारण खटल्याचा निकाल बरेचदा तिथे ठरतो आणि पडद्यावर नेमके तेच हरवते. प्रत्यक्षात साक्ष एका संथ लयीत उतरवली जाते. वकील विचारतो, 'तेव्हा अंधार होता ना?' साक्षीदार म्हणतो, 'होता, पण खांबावर दिवा होता.' न्यायाधीश वाक्य जुळवून लघुलेखकाला सांगतात: 'घटनेच्या वेळी अंधार होता हे खरे आहे. साक्षीदार स्वतःहून सांगतो, की खांबावर दिवा होता.' या 'स्वतःहून'वरूनही दोन्ही बाजूंत शब्दाशब्दी होते. मग वकील पोलीस जबाब काढतो. त्यात दिव्याचा उल्लेख नाही. साक्षीत नोंद होते: 'दिव्याबद्दल मी पोलिसांना सांगितले होते. ते जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.' ऐकणाऱ्याला यात काहीच घडल्यासारखे वाटत नाही. पुढे, कधी कधी कित्येक महिन्यांनी, तपासी अंमलदाराची साक्ष होते, आणि साक्षीदाराने दिव्याबद्दल सांगितले नव्हते असे तो म्हणतो. आता ती उणीव शाबीत झाली. आरोपीला ओळखले कसे, या मुद्द्यावर युक्तिवादात ती वापरता येते. साक्षीदाराच्या उलटतपासणीच्या शेवटी वकील आपली बाजू त्याच्यापुढे ठेवतो आणि 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही' असे ठरलेले वाक्य नोंदीत येते. कोणी कोसळत नाही, कोणी टाळ्या वाजवत नाही. अपील झाले तर वरचे न्यायालय प्रामुख्याने हे कागदच वाचते, साक्षीदाराचा चेहरा त्याला दिसत नाही. म्हणून चांगला वकील आवाजापेक्षा नोंदीला जपतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांच्या चित्रणाने. खच्चून भरलेले कोर्ट, पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा वकील आणि हतबल न्यायाधीश, हे दृश्य अनेक दशके गिरवले गेले. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालवण्याची तरतूद १९८३ पासून आहे. पीडितेच्या चारित्र्याविषयी प्रश्न विचारण्यास २००३ च्या दुरुस्तीने मनाई केली. मूल साक्षीदार असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) नुसार वकिलाने प्रश्न न्यायालयाला सांगायचे आणि मुलाला ते न्यायालयाने विचारायचे. साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येणार नाही याचीही काळजी घ्यायची. हे नियम सगळीकडे काटेकोर पाळले जातात असा दावा करता येणार नाही. तरीही ते आहेत, मोडले जात असतील तर त्यांचा हवाला देऊन हरकत घेता येते, आणि तक्रार द्यायला घाबरणाऱ्या मुलीला व तिच्या आईवडिलांना ते ठाऊक असणे अत्यंत गरजेचे आहे.

पडद्याने एक गोष्ट मात्र बरोबर पकडली: तारखा. साक्षीदार आला नाही, आरोपीला तुरुंगातून आणले नाही, वकील दुसऱ्या कोर्टात अडकला, मुद्देमाल आला नाही, अशा साध्या कारणांनी काम पुढे जाते. चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटाने हा रेंगाळलेपणा आणि सपाट आवाजात कलमे वाचणारी सरकारी वकील दाखवण्याचे धाडस केले. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने युक्तिवाद संपल्यावर सत्र न्यायालयाने ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत निकाल द्यावा असे म्हटले आहे. साक्षीपुराव्यातच वर्षे जात असतील, तर या मुदतीचा उपयोग मर्यादित राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागल्या. त्यांत दिसतो तो कायद्याच्या मुद्द्यांवरचा युक्तिवाद. साक्षीदार तपासले जातात ते खालच्या न्यायालयांत. तिथले फौजदारी खटले, बंद दाराआड चालणारे वगळता, खुल्या न्यायालयात चालतात, आणि जागा असेल तर कोणाही नागरिकाला मागच्या बाकावर बसून ते ऐकता येतात.